छोट्या दांड्याचं मोठं खूळ

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की पहिल्या महिन्यात माणूस काय करतो? शॉर्ट शिफ्टर मागवतो! टायर किती साली बनले ते बघत नाही, ब्रेकचं तेल बदलत नाही, पण गिअरचा दांडा मात्र आखूड झालाच पाहिजे. इथे अमेरिकेत पहिल्या पिढीची (१९८९ ते १९९७) माझ्दा मियाटा बाळगणारी जी मंडळी माझ्या ओळखीची आहेत, त्यातल्या बहुतेकांनी हेच केलंय. आणि कारण विचारा... "अरे, दुसरा गिअर खरखरतो, दांडा ढिला वाटतो, म्हणून टाकला." च्यायला, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

गिअरचा दांडा म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. मध्ये टेकू, वरचं टोक तुमच्या हातात, खालचं टोक गिअरबॉक्समधली सळई पुढेमागे ढकलणार. शॉर्ट शिफ्टरमध्ये टेकूच्या खालचा भाग लांब केलेला असतो, बस्स. हिशेबाला सोपे आकडे घेऊ: वर २०० मिमी, खाली ५० मिमी. सळई १२ मिमी सरकायला हात ४८ मिमी हलवावा लागतो. खालचा भाग ६५ मिमी केला की ३७ मिमीत काम भागतं. मात्र सळईवर तेवढाच जोर पडायला हवा असेल तर हाताला ३० टक्के जास्त जोर लावावा लागतो. तरफ फुकट काही देत नाही. किटच्या खोक्यावर पहिला आकडा मोठ्या टायपात असतो, दुसरा शोधून दाखवा.

पण खरी गोम पुढेच आहे. गिअर पडतो तो हाताच्या वेगाने नाही, सिंक्रोच्या वेगाने. पितळी कडं गिअरच्या शंकूवर घासतं, दोघांचा वेग जुळेपर्यंत वाट अडवून धरतं आणि मग दात आत जाऊ देतं. क्लचची तबकडी, इनपुट शाफ्ट, काउंटर शाफ्ट एवढं सगळं लोढणं त्या बिचाऱ्या कड्याला नुसत्या घर्षणावर योग्य वेगाला आणायचं असतं. त्याला लागणारा वेळ कड्यावरच्या जोरावर ठरतो. दांडा आखूड झाला म्हणून लोढणं हलकं होत नाही. हाताचा जोर पूर्वीइतकाच ठेवलात तर सिंक्रोला उलट जास्त वेळ लागतो. आणि कडं झिजलेलं असताना घाई केलीत तर अडवायला कोणी नाही. मग दातावर दात, आणि "अजून खरखरतोय रे!"

आपण धंद्याने प्रोग्रॅमर ना? जीन ॲमडालने १९६७ साली मांडलेला नियम आपल्याला तोंडपाठ. एकूण वेळेतला छोटा तुकडा कितीही वेगवान करा, फायदा छोटाच. क्लच दाबणं, सिंक्रोची वाट पाहणं, क्लच सोडणं या सगळ्यात हाताचे ११ मिमी वाचवून काय साधणार? प्रोफायलर न चालवता कोड बदलणाऱ्या ज्युनियरला ऑफिसात फाडून खातो आणि शनिवारी गॅरेजात पाना घेऊन स्वतः तेच करतो!

मियाटात तर हा प्रकार विशेषच हास्यास्पद. हिच्यात दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो. मध्ये केबल नाही, लांब सळयांची भानगड नाही. मुळात आखूड आणि नेमका गिअर हीच तर या गाडीची ख्याती. ती आज गेली असेल तर कारणं शोधा की! दांड्याच्या बुडाशी तेलाची छोटी वेगळी वाटी असते, तिच्यातलं तेल वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. टोकाला नायलॉनची टोपी असते, ती झिजून जाते. वरचं रबर फाटलं की खालची उष्णता आणि आवाज गाडीत येतो.

आणि सगळ्यात मोठा गुन्हेगार क्लचचा स्लेव्ह सिलिंडर. या गाड्यांत तो गळतो हे जुनं, माहीत असलेलं दुखणं. गळला की पेडल पूर्ण दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही, आणि सिंक्रोला थेट इंजिनाशी कुस्ती खेळावी लागते. गाडी उभी असताना, पेडल दाबून जरा थांबूनही रिव्हर्स टाकताना करकर होत असेल तर आधी तिथे बघा. दुरुस्ती स्वस्त आहे, फक्त मित्रांना दाखवता येत नाही.

(पोर्श ९११ वाल्यांनी हसू नये. तुमचा गिअरबॉक्स मागे आणि दांडा पुढे. मधल्या जोडातलं बुश झिजलं की दांडा डाळ घोटल्यासारखा फिरतो. तिथेही आधी बुश, मग बाकीचं.)

"पण फील असतो ना!" असतो. कबूल. सगळं ठणठणीत असलेल्या गाडीत तो कडक, टकटक फील मलाही आवडतो. माझं भांडण आवडीशी नाही, ती औषध म्हणून विकण्याशी आहे. कारण मोडतो तो गिअरबॉक्स, आणि तो नवा निघत नाही. माझ्दाने २०१७ मध्ये या पिढीच्या पुनरुज्जीवनाची सेवा जाहीर केली, पण ती जपानात. आपल्याला भंगारवाल्याकडून दुसऱ्याने पिळलेलाच आणावा लागतो.

तेव्हा आधी स्लेव्ह सिलिंडर, मग दोन्हीकडचं तेल, मग टोपी आणि रबर. त्यानंतर महिनाभर चालवा. तरीही आखूड दांडा हवाच असेल तर खुशाल टाका. मूळ दांडा तेवढा फेकू नका. गाडी विकायला काढाल तेव्हा मी पहिलं तेच विचारणार आहे.