जपानला एकटीने जा, आणि तिथलंच जेवा



जपानहून आल्यापासून मला दोनच प्रश्न ऐकावे लागतात. "एकटीच गेलीस?" आणि "मग खाल्लंस काय?" पहिल्यात काळजी कमी, चौकशी जास्त असते. दुसरा मात्र खरा प्रश्न आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. जपान पाहायची हौस असेल, तर स्वयंपाकी महाराज सोबत नेणाऱ्या सहलीची वाट पाहू नका. सत्तरीच्या आत्याबाईंसाठी त्या सहली चांगल्या आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण फुजीसमोर बसमध्ये ठेपला आणि हॉटेलात रोज रात्री डाळ-ढोकळी खाऊन आलेल्या बाईने "जपानी जेवण आपल्याला चालत नाही" असं सांगू नये. तिने ते चाखलेलंच नसतं.

अडचण कुठे आहे ते आधी समजून घ्या. ती ताटात दिसणाऱ्या माशात नसते, तो बाजूला सारता येतो. अडचण दाशीत असते. दाशी म्हणजे तिकडच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी. वाळवून धुरी दिलेल्या बोनिटो माशाचा कीस उकळून ते काढतात आणि मिसो सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, टोफूसोबतची चटणी, सगळ्यात घालतात. "मी व्हेजिटेरियन आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा प्रामाणिकपणे मांस काढून टाकतो आणि दाशी तशीच ठेवतो. त्यात फसवणूक नसते, त्याच्या लेखी ते पाणीच असतं. म्हणून जपानी भाषेत छापलेली चिठ्ठी पर्समध्ये हवीच: मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, मद्य, मध, कांदा, लसूण आणि जमिनीखालचं काहीही नको. मद्य मुद्दाम लिहा, कारण मिरीन नावाची गोड दारू तिकडे फोडणीच्या तेलासारखी सर्रास वापरतात.

आता दुसरी बाजू. हा देश कायमच मांसाहारी होता असं नाही. इसवी सन 675 मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. पुढे शेकडो वर्षं प्राण्यांचं मांस तिथे वर्ज्य मानलं गेलं. सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं ते 1872 साली. मासे मात्र कधीच सुटले नाहीत, हेही खरं. या काळात बौद्ध मठांत जे अन्न शिजत राहिलं ते शोजिन र्योरी. त्यात मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा-लसणाच्या जातीच्या उग्र भाज्याही वर्ज्य. दोगेन नावाच्या झेन आचार्यांनी 1237 मध्ये मठातल्या स्वयंपाक्यासाठी एक ग्रंथच लिहिला. तांदूळ धुताना एक दाणाही वाया जाऊ नये इतक्या बारकाईने त्यांनी सांगितलंय. वाचताना मला माझ्या आजीचं स्वयंपाकघर आठवलं.

पण हुरळून जाऊ नका. "बौद्ध मठाचं जेवण म्हणजे आपलंच जेवण" असं इंटरनेटवर बरंच लिहिलेलं दिसतं, ते चुकीचं आहे. शोजिन र्योरीत मुळा, कमळकंद, गोबो, रताळं आणि मशरूम भरपूर असतं. कोन्याकू नावाची थलथलीत वडी असते, ती आपल्या सुरणाच्याच जातकुळीतल्या कंदाची. तिळाचा रेशमी गोमादोफू मला फार मोहात पाडत होता, पण त्याला घट्टपणा येतो तो कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या सत्त्वाने. मी तो सोडला. दाशी कोंबूची असते, म्हणजे समुद्री शेवाळाची. तेही काही घरांत चालत नाही. ज्याचा त्याचा नियम.

तरी माझ्या ताटात काय उरलं ते ऐका. गरम भात, कोंबूच्या पाण्यात शिजवलेला कोयादोफू, म्हणजे गोठवून वाळवलेला टोफू, जो स्पंजासारखा रस पितो. लाल भोपळा, वांगं, तीळकुटात कालवलेली पालेभाजी. युबा, म्हणजे सोयाच्या दुधावरची साय. क्योटोत नानझेन-जी मंदिराच्या परिसरात युदोफू मिळतो: कोंबूच्या पाण्यात तापवलेला मऊ टोफू. सोबतच्या वाटीत दाशी असते म्हणून मी नुसतं मीठ मागून घेतलं. गोडात चिंता नाही. लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण आणि समुद्री शेवाळाचा कांतेन घालून केलेली योकान वडी, भाजलेल्या सोयाबीनचं पीठ भुरभुरलेला मोची. ते पीठ तर थेट आपल्या डाळव्याच्या पिठाची आठवण देतं. कास्तेला आणि दोरायाकी मात्र टाळा, त्यात अंडं असतं.

हे सगळं मला मिळालं ते कोयासानवर, मंदिराच्या धर्मशाळेत. ओसाकाच्या नांबा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशीपर्यंत, मग केबल कारने वर. कूकाई आचार्यांनी नवव्या शतकात वसवलेलं हे डोंगरावरचं क्षेत्र, पन्नासच्या आसपास मंदिरांत मुक्काम करता येतो. रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला. चौविहार पाळणारीला याहून सोयीची वेळ परदेशात कुठे मिळणार? मी चार ठिकाणी आधी कळवलं. दोघांनी नम्रपणे जमणार नाही म्हटलं, दोघांनी कंदमुळं वगळायची तयारी दाखवली. नाही म्हणणारेही मला आवडले, निदान खरं बोलले.

आणि याच डोंगरावर एके काळी बाईला पाऊल टाकायची बंदी होती. सरकारने 1872 मध्ये अशी बंदी उठवली, तरी कोयासानवर ती जायला आणखी काही दशकं लागली. तोवर यात्रेला आलेल्या बायका वेशीवरच्या न्योनिन्दो नावाच्या स्त्री-मंदिरात थांबत आणि डोंगराच्या कडेकडेने गोल फिरून लांबूनच दर्शन घेत. ती छोटी इमारत आजही उभी आहे. मी तिथे बराच वेळ बसले. कोणी घाई करायला नव्हतं.

एकटीने जायचं ते यासाठी. क्योटोच्या र्योआन-जीच्या बागेत 15 दगड आहेत, ओसरीवर कुठेही बसा, एक तरी लपलेलाच राहतो. सहलीच्या झेंड्यामागे पळताना तो मोजायला कोण थांबणार?

आमच्या आत्या म्हणाल्या, "एकटी गेल्यावर नियम कोण बघणार?" प्रश्न रोखठोक आहे. माझं म्हणणं असं की घरी नियम आपण पाळतो हे अर्धंच खरं. घरी बटाटा आलेलाच नसतो, सूर्यास्ताआधी सगळ्यांचीच पानं मांडलेली असतात, नियम स्वयंपाकघरच पाळत असतं. तिकडे प्रत्येक घासाला मला विचारावं लागलं, नाही म्हणावं लागलं, दोनदा उठून बाहेर यावं लागलं. त्या 12 दिवसांत मी जितकी जागी होते तितकी घरच्या पर्युषणातही नसते.

बाकी व्यवहाराचं थोडं. चातुर्मास संपल्यावर जायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, नोव्हेंबरअखेर क्योटोत पावणेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. एप्रिल-मे बरे. आपला इलेक्ट्रिक कुकर नेऊ नका. तिकडे वीज 100 व्होल्टची, भात शिजता शिजत नाही. खाकरा, मेतकूट, भाजके पोहे बॅगेत असू द्या. कोबेला गेलात तर कितानो भागात 1985 चं आपलं महावीरस्वामींचं संगमरवरी मंदिर आहे. तिथल्या मोत्यांच्या व्यापारात आपले लोक फार पूर्वीपासून आहेत, त्याबद्दल मला काय वाटतं ते पुन्हा कधीतरी.

हॉटेलात शिरलं की तिकडे विचारतात, किती जण? एक म्हटलं की ते "ओहितोरीसामा" म्हणतात. "सामा" म्हणजे आपलं "जी" किंवा "साहेब". एकट्या माणसालाही ते मान देऊन हाक मारतात आणि भिंतीलगतची एक खुर्ची दाखवतात. सोबत कोण आहे, असं मला एकदाही कुणी विचारलं नाही.