फळ्याजवळ कोण उभा आहे?



आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षक झाली, तर आपण पेढे वाटतो खरे. पण त्या आनंदात थोडी निराशाही मिसळलेली असते. 'शेवटी मास्तरच झाला' हे शब्द पवनीच्या व आसपासच्या खेड्यांतील आपल्या घरांतून ऐकू येतात. मुलाने डॉक्टर व्हावे, इंजिनिअर व्हावे, तहसील कचेरीत साहेब म्हणून बसावे ही आकांक्षा अयोग्य नव्हे. परंतु शिक्षकाची जागा त्याहून हलकी होय, हा समज मला घातक वाटतो. तो का, हे आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे.

साताऱ्याच्या शाळेत बाळ भीमरावास बसावयास गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुले डबे उचलण्यास धावली. या हकीकती आपल्याला पाठ आहेत. मात्र त्या सांगताना एक गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते. त्या मुलांना कोणी तरी शिकवीत होते. गुरुजी वर्गात असताना मुले असे वागू शकत होती, याचा अर्थ शाळेत गणिताबरोबर दुसरेही काही शिकविले जात होते.

आणि याच चरित्राची दुसरी बाजू पाहा. भीमरावाचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. ज्या समाजाला पाटीला हात लावण्याची बंदी होती, त्या समाजातील एक मनुष्य फौजेत शिकला, शिकविता झाला आणि घरी येऊन आपल्या मुलाचा अभ्यास घेऊ लागला. बाबासाहेब हे एका शिक्षकाचे पुत्र होते. 'शेवटी मास्तरच' म्हणणाऱ्याने हे विसरू नये.

पवनीहून भिवापूरमार्गे नागपूरला जाताना वाटेत उमरेड लागते. याच उमरेडमध्ये १८९२ साली महार कुटुंबात जाईबाई चौधरी यांचा जन्म झाला. नवव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पोटासाठी त्या कामठी व नागपूर यांच्या दरम्यान प्रवाशांचे सामान डोक्यावरून वाहत असत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या साहाय्याने त्यांना मिशनच्या शाळेत महिना चार रुपयांवर शिक्षिकेची जागा मिळाली. कालपर्यंत जिच्या डोक्यावर लोकांनी आपली ओझी दिली, तिच्या हाती आता लोकांची मुले आली. परंतु बाई अस्पृश्य आहेत हे कळताच सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार घातला. मिशनरी शाळेतही जाईबाईंना जागा उरली नाही. ओझे वाहणारी चालते, अक्षर देणारी चालत नाही! यावरून ध्यानी घ्या की त्या पालकांना शिक्षकाच्या जागेचे महत्त्व आपल्यापेक्षा अधिक कळत होते.

जाईबाई पुन्हा ओझी वाहण्यास गेल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात संत चोखामेळा कन्या शाळा काढली. पुढे १९३७ साली नागपुरास अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन भरले, त्यात या शिक्षिकेला जेवणाच्या वेळी वेगळे बसविण्यात आले. आपल्या भगिनींनी १ जानेवारी १९३८ रोजी सभा घेऊन त्या अपमानाचा निषेध केला. शिकलेल्या स्त्रियांच्या परिषदेत असे घडले, हे विशेष.

पद मोठे असले म्हणजे हे थांबते, असेही नाही. १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी संस्कृतमध्ये एम. ए. केले, तरीही माहेरच्या सोमकुवर या नावाने नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर पावडे हे आडनाव लागले आणि महाविद्यालयाचे दार उघडले. हे त्यांनीच 'अंतःस्फोट' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. विद्या तीच होती, बाईही तीच होती. बदलले ते आडनाव.

अमेरिकेतील काळ्या लोकांचा अनुभव येथे उपयोगी आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे नेते ड्यू बॉइस यांस पत्र लिहून काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या, हे सर्वांस ठाऊक असेलच असे नाही. हे ड्यू बॉइस स्वतः तरुणपणी टेनेसीच्या खेड्यांत शाळा चालवीत. १९५४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्यांच्या व काळ्यांच्या निराळ्या शाळा बेकायदेशीर ठरविल्या. निकाल न्याय्य होता. परंतु तो अमलात आणताना काळ्या मुलांच्या शाळा बंद केल्या गेल्या आणि दक्षिणेकडील राज्यांत हजारो काळ्या शिक्षकांना काढून टाकले गेले. मुले एकत्र आली, फळ्याजवळ मात्र गोराच उभा राहिला. त्याची किंमत किती, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखविले: तिसरी ते पाचवीच्या दरम्यान एक तरी काळा शिक्षक लाभलेल्या अत्यंत गरीब काळ्या मुलग्यांत पुढे शाळा सोडण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी घटली. एका शिक्षकाने हे घडते, तर त्या जागेला हलकी कशी म्हणावी?

आता आपल्या तालुक्याकडे वळू. ज्यांच्या घरी शिक्षक आहे, त्यांना पुढील गोष्टी सांगावयास नकोत. नव्या गावी बदली झाली की प्रथम आडनाव विचारले जाते. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर गाव. त्यानेही झाला नाही, तर 'तुमच्याकडे कोणता सण करतात?' मग खोली नुकतीच दुसऱ्यास दिलेली असते. असा शिक्षक तीस-चाळीस किलोमीटर रोज ये-जा करतो आणि गावच म्हणते, गुरुजी मुक्कामी राहत नाहीत!

तरीही तो वर्गात उभा राहतो, आणि त्याच्यापुढे कुणबी, तेली, ढिवर, गोंड अशा सर्वांची मुले बसलेली असतात. आपले शिक्षक केवळ आपल्या मुलांसाठी आहेत, असे मी म्हणत नाही. ज्याने पहिले अक्षर बौद्ध शिक्षकाच्या हाताखाली गिरविले, तो पुढे माणसासारखा वागेलच अशी हमी कोण देणार? परंतु जात सांगते तसे जग नाही, हे त्याने सहाव्या वर्षीच डोळ्यांनी पाहिलेले असते. पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली उत्खनन होऊन प्राचीन स्तूप उजेडात आला, मुचलिंद नागाचे शिल्प व दात्यांची ब्राह्मी लिपीतील नावे सापडली. मुलांना त्या टेकडीवर नेऊन 'हे आपल्या सर्वांच्या गावाचे आहे' असे सांगणारा शिक्षक हवा. तो बौद्धच असावा असा नियम नाही. पण आपल्या शिक्षकाने तरी हे टाळू नये.

कारण टाळणारेही आहेत. काही बंधू नोकरी लागताच आडनाव बदलतात, नागपुरास घर करतात आणि वस्तीतील लग्नालाही येत नाहीत. खोली नाकारली गेल्याची जखम मी जाणतो, म्हणून त्यांना कठोर बोलत नाही. परंतु ज्या वर्गात बौद्ध मूल बसले आहे, त्या वर्गात तरी त्यांनी स्वतःला लपवू नये. ते मूल सर्व काही पाहत असते.

शिक्षकाची जागाही आता पूर्वीइतकी निश्चिंत राहिलेली नाही. २००० सालापासून आपल्या राज्यात नव्या शिक्षकाला प्रथम तीन वर्षे मानधनावर शिक्षणसेवक म्हणून काढावी लागू लागली. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने पुढे आणला. खेड्यातील शाळा गेली की तेथील शिक्षकाची जागाही जाते, आणि दूरच्या शाळेत प्रथम मुलींचे जाणे थांबते.

याविरुद्ध एक साधन तुमच्या हाती आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे सांगितले आहे. आपण मात्र मजुरी बुडते म्हणून सभेस जात नाही. पुढील सभेस एक दिवसाची मजुरी सोडून जा. माताभगिनींनी तर अवश्य जावे. बाहेरगावाहून आलेल्या गुरुजींना गावात खोली मिळाली काय, नसल्यास कोणी व कोणत्या कारणाने नाकारली, हे तेथे विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते सभेच्या नोंदवहीत लिहून घ्या.