मुंडीपारची रिकामी जमीन आणि सिलिकॉनचा जयघोष

सिलिकॉन, सौरघट, अर्धवाहक हे शब्द आज राज्यकर्त्यांच्या मुखी मंत्रासारखे वसले आहेत. इलेक्ट्रॉनिक्सच्या नव्या युगाचे नेतृत्व भारतच करणार, अशी ग्वाही प्रत्येक व्यासपीठावरून दिली जाते. या ग्वाहीचे मोल जोखण्यासाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात, मुंडीपारच्या शिवारात जावे.

तेथे २०१३ मध्ये ‘भेल’ या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीच्या कारखान्याची पायाभरणी झाली. त्या वेळी केंद्रात अवजड उद्योग खाते सांभाळणारे प्रफुल्ल पटेल याच भागाचे खासदार होते. सौरघट आणि सौरपट्ट्या येथे तयार होतील, असे सांगण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या धानाच्या बांध्या शेतकऱ्यांनी या आश्वासनावर सोडल्या. पुढे सरकार बदलले, दशक उलटले. कारखाना मात्र उभा राहिला नाही. काम नाही आणि जमीनही नाही, अशा दुहेरी वंचनेत सापडलेल्या शेतकऱ्यांनी जमीन परत मागितली, तर त्यांना विकासविरोधी कोणत्या तोंडाने म्हणणार?

चिनी सौरघट इतके स्वस्त झाले की येथे कारखाना काढणे परवडेना, असा युक्तिवाद केला जातो. वस्तुतः तो सरकारच्याच धोरणावर उलटतो. सौरपट्टीच्या निर्मितीतील प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक असल्याचे आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये नोंदवले. हा वाटा बाजाराच्या कृपेने मिळालेला नाही. तेथील राज्यसंस्थेने दीर्घकाळ नियोजन केले, कर्ज आणि वीज पुरवली, म्हणून तो मिळाला. आपल्या राज्यकर्त्यांनी मात्र पायाभरणी केली आणि नियोजन बाजारावर सोडले.

सार्वजनिक क्षेत्राला हे तंत्र झेपत नाही, हा दुसरा आक्षेप. देशातील पहिला सौरघट १९७७ मध्ये साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनेच तयार केला. तीच कंपनी २०२१ मध्ये अवघ्या २१० कोटी रुपयांना विकायला काढली गेली. कामगार न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये सरकारला तो व्यवहार रद्द करावा लागला. त्याहून जवळचा दाखला भंडारा जिल्ह्यातच आहे. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग येथे ‘मॉईल’ ही सार्वजनिक कंपनी नुसते खनिज खणून थांबली नाही. बॅटरीला लागणारे शुद्ध मँगनीज डायऑक्साइड तिने विद्युत-अपघटनाच्या स्वदेशी तंत्राने तेथेच तयार केले. जिल्ह्याचे खनिज, जिल्ह्यातील श्रमिक आणि देशी तंत्र यांचा मेळ डोंगरी बुजुर्गला बसतो, तर मुंडीपारला का बसू नये?

पैसा नाही, हे कारण तर मुळीच टिकत नाही. सौरपट्ट्यांच्या उत्पादनाला प्रोत्साहन म्हणून केंद्राने २०२१ मध्ये ४,५०० कोटी आणि २०२२ मध्ये आणखी १९,५०० कोटी रुपयांची तरतूद केली. लाभार्थ्यांच्या यादीत रिलायन्स आणि टाटांसारखी घराणी आहेत. गुजरातमधील साणंद येथे मायक्रॉन या अमेरिकी कंपनीच्या २२,५१६ कोटींच्या प्रकल्पातील निम्मा भार केंद्राने उचलला, आणखी २० टक्के गुजरात सरकारने. भांडवल जनतेचे आणि मालकी कंपनीची, असा हा नवा स्वदेशी बाणा आहे. तेव्हा वाद राज्याने पैसा घालावा की नाही, हा नाहीच. त्या पैशातून उभ्या राहणाऱ्या कारखान्यावर सत्ता कोणाची, हा खरा वाद आहे.

पाच वर्षे न वापरलेली जमीन मूळ मालकाला अथवा सरकारी भूमिकोषाला परत जावी, हे तत्त्व २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे. मुंडीपारला ते कलम लागू होते की नाही, याचा कीस वकील काढत बसतील. नीतीचा निवाडा मात्र स्पष्ट आहे. सौरघटांचा कारखाना सार्वजनिक मालकीत, स्थानिकांना तंत्रशिक्षण आणि काम देऊन, ठरावीक मुदतीत उभारा. नाहीतर जमीन शेतकऱ्याला सन्मानाने परत करा. तिसरा मार्ग, म्हणजे हीच जमीन उद्या एखाद्या खाजगी कंपनीच्या घशात घालण्याचा, सरकारला मोकळा राहता कामा नये. ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांतून ठरावांच्या रूपाने उठवणे, हे जिल्ह्यातील कार्यकर्त्यांचे आजचे काम आहे.