वजनकाट्याला न दिसणारी भूक

शहापूर-मुरबाडच्या अंगणवाडीत मूल हडकुळं दिसलं, की आपलं निदान ठरलेलं: खायला मिळत नाही! पण सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला घास पुढ्यात असूनही नीट गिळता येत नाही. आडवं धरून भरवलं की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट अशा वेळी आईला शिकवतो: मान-पाठीला आधार, ताठ बसवणं, चपटा चमचा, छोटा घास. मोठी यंत्रं लागतच नाहीत.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत मुलं तपासतात. मग वजनासोबत एकच प्रश्न विचारा ना: भरवायला किती वेळ लागतो? रोजच अर्ध्या तासाहून जास्त, तर धाडा थेरपिस्टकडे. आणि तो तालुक्यातच भेटायला हवा. ठाणं गाठायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली!

नुसती अंडी-केळी वाढवून काय होणार? गिळायचं कसं, तेही बघायला नको?