खिळे घासणारा मुलगा आणि पडद्यावरचा ‘ल’

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जावजी दादाजी चौधरी यांचे नाव येते ते बहुधा ‘मुद्रणाचा विकास’ अशा एखाद्या प्रकरणात. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक, सुबक छपाई, असे एक वाक्य होते आणि लगेच पुढच्या ग्रंथकाराकडे वळले जाते. परीक्षेत फार तर टीप विचारली जाते. ही उपेक्षा मला केवळ अन्यायाची वाटत नाही. ती आज आपल्याला महागात पडते आहे.

जावजींचा जन्म १८३९चा, मुंबईतला. घरची गरिबी, शालेय शिक्षण जेमतेम. लहान वयातच ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. (हे मिशन आपल्या जिल्ह्याला परके नाही, त्याचे ‘ज्ञानोदय’ १८४२ साली नगरलाच सुरू झाले.) खिळे घासणे म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्याला सांगावे लागते. शिशाच्या ओतीव खिळ्याला कंगोरे राहतात. ते घासून खिळे सारखे केले नाहीत तर ओळ वरखाली होते, शिरोरेषा तुटते. त्यात देवनागरीचा पसारा मोठा : काना, मात्रा, वेलांट्या, रफार, जोडाक्षरे यांमुळे इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे. अक्षराचे वळण जावजींना कित्त्यातून नव्हे, बोटांतून कळले असावे. पुढे १८६४ साली त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. राणोजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा सोबती त्यांना लाभला.

‘हे तंत्राचे काम, वाङ्मयाचे नव्हे’ असा आक्षेप आमच्या विभागांतून हमखास येतो. पण ‘बालबोध’ मासिक (१८८१), संस्कृत ‘काव्यमाला’ (१८८६), जुन्या मराठी कवींचा ‘काव्यसंग्रह’ (१८९०) हे सारे निर्णयसागरचेच. पंतकवींचा अभ्यास ज्या पानांवरून झाला, ती पाने कशी दिसावीत हे या माणसाने ठरवले. वाचक आणि संहिता यांच्यामधला पृष्ठभाग घडवणे हे वाङ्मयीन कार्यच आहे.

आज तो पृष्ठभाग मोबाइलचा पडदा आहे. तो रचणाऱ्याला इंटरफेस डिझायनर म्हणतात. शेवगावसारख्या तालुक्याच्या गावीही हे काम करणारे तरुण आहेत. कुठल्या कलाशाळेत गेलेले नाहीत. दिवसा नोकरी किंवा दुकान, रात्री चित्रफिती पाहून शिकणे, दुसऱ्यांचे पडदे उकलून पाहणे. मार्ग जावजींचाच. फरक एवढाच की देवनागरी त्यांच्या हाताखालून जात नाही. ती तयार टंकातून येते.

आणि तिथेच अडते. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. शासनाच्या २००९ आणि २०२२ या दोन्ही वर्षांच्या वर्णमालाविषयक निर्णयांनी तोच प्रमाण मानला आहे. तरीही अनेक पडद्यांवर हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ आणि गाठीचा ‘श’ उमटतो. कित्येक टंकांत दोन्ही रूपे असतात; मजकुराची भाषा मराठी आहे एवढे रचनाकाराने संगणकाला सांगायचे असते. हे त्याला कोणी सांगायचे? विंडोजमधला ‘मंगल’ टंक घडवणारे र. कृ. जोशी जे. जे.मध्ये शिकलेले, शिवाय कवी होते. प्रत्येक गावाला असा माणूस मिळणार नाही. मराठीचा विभाग मात्र तालुक्यातालुक्यांत आहे.

एम. ए.च्या अभ्यासक्रमात लिपी आणि मुद्रण यांना एक पूर्ण घटक द्यावा, आणि त्यात जावजींचे चरित्र टीपेसाठी नव्हे, अभ्यासासाठी असावे, असे माझे मत आहे. मंडळाच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. उद्याच्या तासाला विद्यार्थ्यांना आपापल्या मोबाइलवर ‘शैली’ हा शब्द आणि त्याखाली ‘दर्या’ व ‘दऱ्या’ हे दोन शब्द टंकित करायला सांगावेत, आणि कोणाच्या पडद्यावर काय उमटते ते फळ्यावर लिहून काढावे.