बडवे गेले, मालकी कोणाकडे आली?

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरातील बडवे-उत्पातांची वंशपरंपरागत सद्दी सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१४ मधील निर्णयाने संपली. नाडकर्णी आयोग १९६८ साली नेमला गेला, कायदा १९७३ साली झाला, आणि त्याचा पुरता अंमल होण्यास आणखी चार दशके कोर्टकचेरीत गेली. विठोबापुढच्या प्रत्येक कामाचे येथे वतन होते. मंत्र बेणाऱ्याचा, पाणी परिचारकाचे, आरसा डिंगऱ्याचा, दिवटी दिवट्याची, चांदीची काठी डांग्याची. आणि या साऱ्यांवर बडव्यांचा अंमल. तो गेला हे उत्तम झाले. २०१४ सालीच स्त्रियांना व ब्राह्मणेतरांना पूजेच्या कामी घेण्याचे मंदिर समितीने ठरविले, हेही योग्यच. गेलेल्या वतनांसाठी गळा काढणाऱ्यांशी वाद घालण्याचे कारण नाही.

परंतु वतनदारांच्या हातून सुटलेले मंदिर वारकऱ्यांच्या हाती आले काय? समिती नेमते सरकार. देहू-आळंदीहून पायी येणाऱ्या दिंड्या तिचा एकही सभासद निवडीत नाहीत. कोणीही यावे आणि देवाच्या पायांवर थेट डोके ठेवावे, ही पंढरीची खरी परंपरा. त्यासाठी कुणबी, माळी, शेतमजूर तासन् तास रांगेत तिष्ठतात. आषाढी एकादशीच्या पहाटे मात्र मुख्यमंत्री सपत्नीक महापूजेला बसतात, आणि रांगेतले एक जोडपे 'मानाचे वारकरी' म्हणून शेजारी उभे केले जाते. लाखांतून एकाला मान देऊन उरलेल्यांना रांगेत ठेवण्याची ही युक्ती सरंजामी दरबाराला शोभणारी आहे. सर्वधर्मीयांच्या सरकारने एका देवळात यजमान म्हणून का बसावे, याचे उत्तर कोणताही पक्ष देत नाही. विरोधात असताना टीका करणारेही सत्तेवर येताच सोवळे नेसतात!

साने गुरुजींनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले ते अस्पृश्यांना या मंदिराचे दार उघडावे म्हणून. दहा दिवसांनी ते यशस्वी झाले. ज्या चोखामेळ्याला जिवंतपणी आत प्रवेश नव्हता, त्याची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. तेथे माथा टेकवून वारकरी आत जातात.

पण चोखोबाच्या वारसांचे काय झाले? हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध संसदेने १९९३ साली कायदा केला. तरीही यात्रेनंतर चंद्रभागेच्या वाळवंटातील घाण दलित सफाई कामगारांच्याच हातांनी उचलली जात होती, आणि त्याविरुद्ध २०१२ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. न्यायालयाने दटावल्यानंतर शौचालयांची आणि वाळवंटाच्या शिस्तीची धावपळ सुरू झाली. महापूजेचा थाट मांडणाऱ्या सरकारला लाखोंच्या यात्रेसाठी पुरेशी शौचालये बांधण्याची आठवण न्यायालयाने करून द्यावी, यातच सारे आले. गाभाऱ्यातील वतने रद्द झाली, वाळवंटातील वतन मात्र त्याच जातींच्या माथी राहिले. ते रद्द करण्यासाठी कोणी आयोग नेमला नाही.

मंदिर समितीवर दिंड्यांनी निवडलेले प्रतिनिधी हवेत, त्यांत स्त्रिया हव्यात आणि सफाई कामगारही हवेत. यात्रेच्या सफाईचे काम ठेकेदारीतून काढून कायम पगाराचे व यंत्रांच्या साह्याचे केले पाहिजे. मंत्र्यांना दर्शन हवे असेल तर त्यांनी खुशाल यावे. रांग चोवीस तास चालू असते.