शेरा एका पटावर, वकील दुसऱ्या गावी

आज 3 डिसेंबर, वकील दिन, डॉ. राजेंद्रप्रसाद यांची जयंती. त्यांनी वकिली सुरू केली 1911 साली कलकत्त्यात, आणि 1916 मध्ये पाटण्याला उच्च न्यायालय झाले तेव्हा बिऱ्हाड तिकडे हलवले. लखनौच्या कैसरबागेत ज्यांच्या नावाचे विद्यापीठ उभे आहे ते पं. विष्णु नारायण भातखंडेही मुळात वकीलच. मुंबईची एलएल. बी. घेऊन त्यांनी काही काळ कराचीत वकिली केली होती. सनदेला प्रांताची वेस फार काळ अडवत नाही. आज त्याच कैसरबागेतल्या जिल्हा न्यायालयात आणि गोमतीनगरातल्या खंडपीठात हारतुरे होतील, भाषणे होतील. वकील वेस ओलांडतो तेव्हा त्याला झालेली शिक्षाही मागोमाग येते का, हा विषय मात्र कोणी काढणार नाही.

अमेरिकेत एकाच वकिलाकडे दोन-चार राज्यांचे परवाने असू शकतात. एका राज्याने परवाना काढून घेतला तर इतरांनी काय करायचे? तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1917 मध्ये सेलिंग विरुद्ध रॅडफर्ड प्रकरणात आपल्यापुरते उत्तर दिले. पहिल्या राज्याचा निर्णय मानायचा. पण वकिलाला नोटीस मिळाली नसेल, पुरावा तोकडा असेल किंवा निर्णय मानल्याने घोर अन्याय होणार असेल, तर नाही.

आपल्या 1961 च्या अधिवक्ता अधिनियमाने हा गुंता मुळातूनच टाळला. कलम 17 प्रमाणे वकिलाचे नाव एकाच राज्याच्या पटावर राहते. एका राज्याच्या बार कौन्सिलने सनद नाकारली तर ती बाकीच्या राज्यांना तसे कळवते, म्हणजे तोच अर्ज घेऊन दुसरे दार ठोठावता येऊ नये. चौकशी चालू असताना कोणी नाव दुसऱ्या राज्याकडे हलवू पाहिले, तर बार कौन्सिल ऑफ इंडिया अर्ज फेटाळू शकते. आणि कलम 35 म्हणते, निलंबित वकिलाला निलंबनाच्या काळात भारतातल्या कुठल्याही न्यायालयापुढे उभे राहता येणार नाही. पुण्यातला असो वा पणजीतला; महाराष्ट्र आणि गोव्याचा पट तर एकच आहे.

कायदा असा चोख. मग अडते कुठे?

अलाहाबाद उच्च न्यायालयाचा एक नियम आहे आणि तो लखनौ खंडपीठालाही लागू आहे. उत्तर प्रदेशच्या पटावर नाव नसलेल्या वकिलाने वकीलपत्र दाखल करताना, न्यायालयाने सूट दिली नसेल तर, सोबत स्थानिक वकील द्यायचा. जमशेद अन्सारी प्रकरणात 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरवला, कारण न्यायालयापुढे येणारा माणूस कोण, कुठला, त्याला गाठायचे कसे, हे ठाऊक असले पाहिजे. आमचाही त्याला आक्षेप नाही. पण जोडीला स्थानिक वकील आहे एवढ्यावरून पाहुण्या वकिलाची सनद त्या दिवशी जिवंत आहे की नाही, हे कळत नाही. वकीलपत्राच्या तळाशी सही, तिच्याखाली नोंदणी क्रमांक: एमएएच, तिरकी रेघ, आकडा, तिरकी रेघ, वर्ष. निलंबन झाले तर या आकड्यात काही फरक पडत नाही. कायद्याने सनद परत मागवायची आणि पटावर नावापुढे शेरा मारायचा, हे खरे. पण तो पट मुंबईत, आणि पक्षकार लखनौच्या बाकावर!

दुसरी अडचण जास्त जुनी आहे. शिस्तपालन समितीत तीन माणसे, त्यातली दोन बार कौन्सिलच्या सदस्यांतली. आणि हे सदस्य निवडून येतात वकिलांच्याच मतांवर. उत्तर प्रदेशात बनावट अपघात दाखवून विमा कंपन्यांकडून भरपाई उकळणाऱ्यांच्या तपासासाठी अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये विशेष पथक नेमायला लावले. त्यात वकीलही गुंतलेले निघाले. 2021 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सुनावणीला आले तेव्हा राज्य बार कौन्सिलचा वकील काहीही सूचना न घेता उभा होता. न्यायालयाने खडसावले, आणि नोव्हेंबरात 28 वकिलांच्या निलंबनाचा आदेश निघाला तो दिल्लीहून, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडून. घरच्या कौन्सिलचीच ही तऱ्हा, मग दुसऱ्या राज्यातल्या तक्रारदाराने कुणाच्या तोंडाकडे पाहावे?

दिल्लीवर सगळे सोपवावे, असेही नाही. मुंबईच्या फौजदारी न्यायालयांच्या दारात पक्षकारांच्या हातातली कागदपत्रे ओढणाऱ्या, फी पाडून अशिले पळवणाऱ्या वकिलांना महाराष्ट्र बार कौन्सिलने दोषी ठरवले होते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या समितीने त्यांना सोडून दिले. राज्य कौन्सिल स्वतःच अपिलात गेली आणि 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाभोळकर प्रकरणात तिचा तो हक्क मान्य केला. आजच्या कौन्सिलांनी हा निकाल काढून वाचावा. पुढे खुद्द बार कौन्सिल ऑफ इंडियाचे अध्यक्ष विनयचंद्र मिश्रा अलाहाबादेत न्यायमूर्तींशी उद्दामपणे वागले, तेव्हा 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची वकिली तीन वर्षे थांबवली. मात्र 1998 मध्ये घटनापीठाने सांगितले की अवमान प्रकरणात सनद निलंबित करणे न्यायालयाचे काम नव्हे, ते कौन्सिलचे. अधिकार वकिलांनी राखला, तो वापरण्याची हौस मात्र तेवढी दिसली नाही.

शिक्षा डोळे मिटून पुढे पाठवण्यातला धोकाही विसरू नये. अहमदाबादेत मार्च 1922 मध्ये गांधीजींना राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची सजा झाली आणि नोव्हेंबरात लंडनच्या इनर टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थेने आपल्या पटावरून त्यांचे नाव कमी केले. ते परत घातले गेले 1988 साली. म्हणून निलंबनाची खबर देशभर जावी, पण सोबत कारणांसह आदेश जावा, आणि वर अपील चालू आहे की नाही तेही.

याला नवा कायदा नको. ई-फायलिंग करताना नोंदणी क्रमांक द्यावाच लागतो. तो क्रमांक टाकताच सर्व राज्यांचे शेरे तपासले जावेत आणि तोच पट पक्षकारालाही मोबाइलवर, मराठीत नि हिंदीत, पाहता यावा. तक्रारीचा निकाल वर्षभरात लावा, असे अधिनियमाचे 36-ब कलम सांगते. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर 2021 मध्ये तेच बजावले. कुठल्या कौन्सिलकडे किती तक्रारी वर्षाहून जुन्या पडून आहेत, याचा तक्ता प्रत्येक राज्याने आजच लावायला हरकत नाही. सुरुवात उत्तर प्रदेशाने करावी, आणि महाराष्ट्र-गोव्याने त्यांची वाट पाहू नये.